जर्मन गेली, स्पॅनिश आली: अमेरिकी हायस्कूलमधील 'परकीय' भाषांचा न सांगितलेला इतिहास

महाराष्ट्रात शालेय भाषेचा वाद पेटला की एक दाखला हमखास पुढे केला जातो. अमेरिकेत पाहा, तेथील हायस्कूलची मुले इंग्रजीबरोबर फ्रेंच नाहीतर स्पॅनिश शिकतात. तेथे भाषेकडे निव्वळ उपयोगाच्या नजरेने पाहतात, अस्मितेचा गोंधळ नाही. दाखला देणाऱ्यांचा हेतू काहीही असो, त्यामागचा इतिहास खोटा आहे. या दोन भाषांना आजची जागा मिळाली ती तिसऱ्या एका भाषेच्या हकालपट्टीमुळे. आणि वर्गात त्या सन्मानाने शिकवल्या जात होत्या त्याच दशकांत, त्या ज्यांच्या मातृभाषा होत्या अशी मुले त्या बोलल्याबद्दल शिक्षा भोगत होती.

आधी ती तिसरी भाषा. अमेरिकी माध्यमिक शिक्षणाची चौकट आखणाऱ्या दहा जणांच्या समितीचा अहवाल १८९३ चा. त्यात आधुनिक परभाषा म्हणजे जर्मन आणि फ्रेंच. स्पॅनिशला स्थान नाही. सिनसिनाटीसारख्या शहरात तर १८४० पासून सरकारी शाळांत जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिक्षण चाले. १९१५ साली सार्वजनिक हायस्कूलमधील सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते, फ्रेंच सुमारे ९ टक्के आणि स्पॅनिश ३ टक्क्यांहूनही कमी.

१९२२ चे आकडे याच्या शेजारी ठेवावेत. जर्मन १ टक्क्याच्याही खाली. फ्रेंच १५ टक्क्यांवर, स्पॅनिश ११ टक्क्यांवर.

सात वर्षांत जर्मन भाषेतले व्याकरण बिघडले नव्हते की तिच्यातले रसायनशास्त्र शिळे झाले नव्हते. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, एवढेच घडले होते. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि दूरध्वनीवरसुद्धा इंग्रजीच बोलावी. चर्चमधली प्रवचनेही त्यातून सुटली नाहीत.

व्यापाराचे कारण येथे पुढे केले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. १९१४ साली पनामा कालवा खुला झाला, युद्धाने युरोपच्या बाजारपेठा विस्कटल्या आणि दक्षिण अमेरिकेकडे लक्ष वळले. १९१७ साली स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पण व्यापारामुळे स्पॅनिश वाढली असे म्हणता येईल. त्यामुळे जर्मन नाहीशी का झाली, याचे उत्तर त्यात नाही. नव्या बाजारपेठेसाठी जुनी भाषा गुन्हा ठरवावी लागत नाही.

नेब्रास्कात मात्र तेच झाले. १९१९ च्या सायमन कायद्याने आठवी उत्तीर्ण होण्याआधी मुलाला कोणतीही परभाषा शिकवण्यास मनाई केली. मे १९२० मध्ये हॅम्प्टन गावातल्या एका धार्मिक शाळेचे शिक्षक रॉबर्ट मेयर दुपारच्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील कथा जर्मनमधून वाचायला शिकवत होते. दंड झाला २५ डॉलर. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. (विरोधी मत देणारे न्यायमूर्ती होते ऑलिव्हर वेंडेल होम्स. उदारमतवादाचे दैवत म्हणून त्यांची तसबीर लावणाऱ्यांनी हे मत एकदा जरूर वाचावे.)

या कायद्यातील 'आठवीनंतर' ही अट नीट पाहण्यासारखी आहे. भाषा अंगवळणी पडण्याचे वय उलटून गेले की मग ती शिकायला परवानगी. विषय म्हणून चालेल, जिव्हाळ्याची म्हणून चालणार नाही. हायस्कूलमधली परभाषा म्हणजे काय, याची इतकी प्रामाणिक व्याख्या कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने केलेली नाही.

आता टेक्सास. १९१८ साली तेथे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा शिक्षकासाठी दंडनीय गुन्हा झाला. हायस्कूलमध्ये स्पॅनिश हा 'विषय' मात्र चालू होता. म्हणजे एका खोलीत गोऱ्या शेतमालकाचा मुलगा स्पॅनिश क्रियापदे घोकून गुण मिळवतो आहे, आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेच्या मैदानावर तीच क्रियापदे विनासायास वापरणारा मुलगा मार खातो आहे. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवण्याच्या शिक्षेला तर 'स्पॅनिश डिटेन्शन' असे नावच पडले होते. ही ऐकीव कहाणी नव्हे. अमेरिकी नागरी हक्क आयोगाने १९६८ साली सॅन अँटोनियो येथे सुनावणी घेतली आणि १९७२ च्या अहवालात 'नो स्पॅनिश' नियमाची सविस्तर नोंद केली.

मार्फा गावातील ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले गेले. मग त्या चिठ्ठ्यांचा दफनविधी झाला. 'मिस्टर स्पॅनिश' पुरले गेले.

स्थलांतरितांनी देशाची भाषा शिकायला नको का, असा प्रश्न यावर विचारला जातो. शिकावीच. पण स्थलांतरित कोण? फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन हे स्पॅनिश गाव १५६५ चे, जेम्सटाउनची इंग्रज वसाहत १६०७ ची. न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. लुइझियाना अमेरिकेने विकत घेतला तो १८०३ साली. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेत आला, तो आतल्या माणसांसकट. ही कुटुंबे अमेरिकेत आली नव्हती, अमेरिका त्यांच्या दारात आली होती. त्यांच्या भाषेला 'परकीय' म्हणणे हा पाठ्यपुस्तकी शब्द नव्हे, तो राजकीय दावा आहे. अपवाद नोंदवायचा तर न्यू मेक्सिकोचा: त्या राज्याच्या घटनेत शिक्षकांना स्पॅनिशचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. अपवाद एवढा ठळक दिसतो, यावरूनच नियम कळतो.

आणि वर्गात तरी काय शिकवले जात होते? १९२९ च्या कोलमन अहवालाने मान्य केले की बहुतेक विद्यार्थी परभाषा दोनच वर्षे शिकतात. तेव्हा बोलण्याचा आग्रह सोडून वाचन हेच मुख्य उद्दिष्ट धरावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षा नाही, आणि ज्याला येते त्याने तोंड उघडायचे नाही. व्यवहारवाद म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात तो हाच.

लुइझियानातही हेच, फ्रेंचच्या बाबतीत. १९२१ च्या राज्यघटनेने शाळेतील शिक्षण इंग्रजीतूनच असेल असे ठरवले. केजन मुलांना फ्रेंच बोलल्याबद्दल 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहावे लागे. पुढे १९६८ साली त्याच राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी संस्था स्थापली आणि शिक्षक आणले ते फ्रान्स, बेल्जियम आणि क्वेबेकमधून. शाळेने फ्रेंच परत आणली खरी, पण ती पुस्तकी फ्रेंच होती, आजीची नव्हती. जिच्यासाठी आजीने वाक्ये लिहिली ती बोली नातवाच्या वहीत अशुद्ध ठरण्याची वेळ आली.

त्याच १९६८ साली द्विभाषिक शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. चाळीस वर्षांपूर्वी हेच जॉन्सन टेक्सासमधील कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांचे मास्तर होते. मुलांवर त्यांची माया होती, त्यांच्यासाठी ते झिजलेही. चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी नोंदवले आहे की मैदानावर स्पॅनिश बोलताना सापडलेल्या मुलाला मास्तरांच्या हातचा मार बसे.

ब्लॅकवेल शाळा १९६५ साली बंद पडली. २०२२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याआधीच तिचे माजी विद्यार्थी एका मेळाव्यासाठी मार्फात जमले होते. तेव्हा त्यांनी समारंभपूर्वक जमीन खणून एक स्पॅनिश शब्दकोश बाहेर काढला.