मृत्युलेखापूर्वीचे पत्र

मतभेदाने मैत्री क्वचितच तुटते. ती तुटते हेतूंवर घेतलेल्या संशयाने. कामू यांच्या 1951 च्या ‘बंडखोर माणूस’ या ग्रंथावर सार्त्र यांच्या मासिकात 1952 साली कठोर परीक्षण आले. ते दुसऱ्याच्या हातचे होते; पण कामूंनी उत्तर पाठविले ते ‘संपादक महाशयां’ना, इतक्या वर्षांच्या मित्राला नव्हे. सार्त्र यांनीही मग ग्रंथाबरोबर कामूंच्या स्वभावाचे वाभाडे काढले, आणि तेही छापील पानावर. सोव्हिएत छावण्यांविषयी डाव्यांनी काय बोलावे, हा मूळ प्रश्न मोठाच होता. त्यात मी कामूंच्या बाजूचा आहे. परंतु तो प्रश्न राहिला बाजूला आणि दोन माणसे कायमची दुरावली.

4 जानेवारी 1960 रोजी मोटार-अपघातात कामू गेले. वय अवघे 46. काही दिवसांतच सार्त्र यांनी मृत्युलेख लिहिला; भांडण हीही एकत्र जगण्याचीच एक रीत, अशा आशयाचे त्यात म्हटले. लेख उदार आहे. तो वाचायला कामू नव्हते.

आपल्यातही एका ठरावापायी दहा-दहा वर्षे अबोला धरलेले साथी आहेत. मीही त्यांतलाच. गेल्या महिन्यात एका जुन्या मित्राला पत्र टाकले : ठरावाविषयी माझे मत तेच आहे, पण भरसभेत तुम्ही मला जे म्हणालात, ते मी मनातून काढून टाकले आहे, आणि मी जे म्हणालो त्याची मला लाज वाटते.

उत्तर अद्याप आलेले नाही.