द्राक्षांचा हिशेब आहे, जहाजाचा कोठे?

निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला युरोपात द्राक्षे पाठवावयाची असतील, तर बागेचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवावा लागतो, फवारणीची वही ठेवावी लागते आणि मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. ‘अपेडा’ने २००६ साली सुरू केलेल्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेमुळे परदेशातील खोक्यावरून येथील बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. ज्याची मोजणी नाही त्याची हमी कोणी घेत नाही, हा धडा नाशिकने तेव्हा पुरती किंमत मोजून घेतला.

परंतु हीच द्राक्षे न्हावा-शेव्याहून ज्या जहाजाने रॉटरडॅमला जातात, त्याने वाटेत किती इंधन जाळले याचा हिशेब इतक्या सहजी मिळत नाही. एक टन जड तेल जळाले की सुमारे ३.११ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासानुसार २०१८ साली मानवनिर्मित उत्सर्जनात जहाज वाहतुकीचा वाटा २.८९ टक्के होता. २०५० च्या सुमारास तो निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट या संघटनेने जुलै २०२३ मध्ये स्वीकारले आहे.

येथे विमा व्यवसायाचा संबंध येतो. विम्यावाचून जहाजास कर्ज मिळणे दुरापास्त असते. जहाजांची विश्वसनीय माहिती ही तर विमेवाल्यांचीच जुनी गरज. लंडनमधील लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या मंडळींनी १७६० साली संस्था स्थापून जहाजांची प्रतवारी सुरू केली ती याच गरजेतून. डिसेंबर २०२१ मध्ये काही सागरी विमा कंपन्यांनी ‘पोसायडन तत्त्वे’ जाहीर केली. आपण विमा उतरविलेली जहाजे हवामान-उद्दिष्टांशी कितपत सुसंगत आहेत, हे दरवर्षी मोजून प्रसिद्ध करावयाचे, असे त्यांनी ठरविले. संकल्प स्तुत्य खरा. पण मोजावयाचे कशाच्या आधारे?

मापातच खोट

पहिली अडचण मापाची आहे. प्रचलित गुणोत्तरात वर्षभराचे उत्सर्जन अंशस्थानी आणि जहाजाची वहनक्षमता गुणिले कापलेले अंतर छेदस्थानी असते. क्षमता धरली जाते, प्रत्यक्ष वाहिलेला माल नव्हे. साहजिकच अर्धे रिकामे जहाजही कागदावर कार्यक्षम ठरू शकते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून गेली. अंतर वाढले, इंधन वाढले, भाडे वाढले. परंतु अंश आणि छेद दोन्ही बरोबरीने वाढल्यास गुणोत्तर जागच्या जागी राहते. धूर वाढला, निर्देशांक मात्र निर्विकार!

दुसरी अडचण गुप्ततेची. पाच हजार टनांहून मोठ्या जहाजांना २०१९ पासून इंधनाची वार्षिक नोंद आपल्या ध्वजराष्ट्राकडे करावी लागते. पण जहाजागणिक तपशील जनतेस खुला नाही. विमा कंपनीलाही तो मालकाच्या संमतीनेच मिळतो. शिवाय एका जहाजाचा विमा बहुधा अनेक कंपन्या वाटून घेतात. प्रमुख कंपनीस माहिती मिळाली तरी लहान हिस्सेदार अंधारातच राहतात. उलट युरोपीय संघ आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांचे २०१८ सालापासूनचे पडताळलेले आकडे नावानिशी प्रसिद्ध करीत आला आहे. त्यामुळे जहाज व्यवसाय बुडाल्याचे ऐकिवात नाही.

भार कोणावर?

व्यापारी गुपिते फुटतील, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक फेरीच्या मालाबाबत तो काही अंशी ग्राह्य धरता येईल. वर्षाच्या एकूण इंधनाबाबत नाही. हिशेब ठेवणे खर्चाचे आहे, अशीही तक्रार होते. मग तीन एकरांच्या शेतकऱ्याने तो खर्च कसा सोसला?

हा प्रश्न दूरच्या समुद्रापुरता नाही. युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांच्या उत्सर्जनावर आकार बसविला आहे. बाहेरील बंदरातून येणाऱ्या फेरीचे निम्मे उत्सर्जन त्यात मोडते. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनावर हा आकार लागू होतो. जहाज कंपन्या तो अधिभार म्हणून भाड्यात मिळवितात आणि अखेरीस त्याचा भार बागेच्या दरावर येतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात, त्याला काटा पाहण्याचा अधिकार असलाच पाहिजे. बाजार समितीत झाकलेल्या काट्यावर माल कोणी घालील काय?

भारतापुरते तरी तीन गोष्टी करणे शक्य आहे. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने भारतीय ध्वजाच्या जहाजांचे पडताळलेले वार्षिक आकडे नावानिशी प्रसिद्ध करावेत. न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सार्वजनिक कंपन्यांनी विम्याच्या करारातच अशी माहिती देण्याचे कलम घालावे आणि ती सर्व हिस्सेदारांस मिळेल असे पाहावे. तिसरे म्हणजे, गुणोत्तराबरोबर एकूण उत्सर्जनाचा आकडाही दिला जावा.

विमा हा विश्वासाचा व्यवहार होय आणि विश्वास उघड्या नोंदींवर उभा राहतो. द्राक्षाच्या घडाकडून जी शिस्त जग मागते, ती घड वाहून नेणाऱ्या जहाजाकडूनही मागणे हा नाशिकचा हक्क आहे.