‘ढिशक्यांव’ नको, ‘टप्’ चालेल!

होस्टेलवर ‘शूटिंग’ म्हटलं की निम्म्या जनतेला सिनेमा आठवतो आणि उरलेल्यांना कम्प्युटर गेम. त्यामुळे जिमखान्यात शूटिंग क्लब काढा अशी मागणी निघाली तेव्हा मेसमध्ये जी चर्चा रंगली, ती ऐकण्यासारखी होती. बहुमत असं पडलं, की एअर रायफल म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. काढायचा तर ‘खरा’ क्लब काढा, आवाज तरी आला पाहिजे!

माझं मत नेमकं उलटं आहे, म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखन संपादक बघून घेतीलच.)

आमच्या क्लासमधला एक जण सुट्टीत मामाच्या शेतावर बारा बोअरचे दोन बार काढून आला. परवाना मामाचा, बार भाच्याने काढले, हे आणखी वेगळंच! दोन दिवस त्याच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती, आणि हे तो कौतुकाने सांगत होता. मित्रांनो, ती शिट्टी म्हणजे मेडल नव्हे. आतल्या कानात, शंखासारख्या भागात, अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाचं सिग्नलमध्ये रूपांतर त्या करतात (आपल्या भाषेत ट्रान्सड्यूसर). त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. आणि पहिला फटका बसतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माणूस बहिरा झाल्यासारखा वाटत नाही, पण गडबडीत समोरच्याचे स, श, फ निसटायला लागतात. मग लेक्चरला शेवटच्या बाकावर बसून काय ऐकणार, कप्पाळ!

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय इंजिनिअरला काही पटत नाही. बंदुकीसारख्या क्षणिक धक्क्यासाठी १४० डेसिबल पीक ही धोक्याची रेषा मानतात. .२२ रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानाशी या रेषेच्या आसपास असतो. बारा बोअर आणि मोठ्या रायफली १५० ते १६५ च्या घरात जातात. ‘वीसच तर जास्त’ असं म्हणू नका. डेसिबल लॉगमध्ये मोजतात, वीस डेसिबल म्हणजे हवेचा दाब दहा पट. शिवाय मोठा आवाज झाला की कानातला एक चिमुकला स्नायू आखडून बचाव करतो खरा, पण त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात. बार तोवर होऊन गेलेला असतो.

आवाजाची कारणं दोन. एक म्हणजे नळीतून स्फोटाने बाहेर पडणारा गॅस. दुसरं म्हणजे गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली की वाटेत होणारा कडाका. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. मोठ्या रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून वेगाने जाते. स्पर्धेतली .२२ ची गोळी मुद्दामच त्याच्या थोडी खाली ठेवतात, त्यामुळे दुसरं कारण तिथेच संपलं. एअर रायफलमध्ये तर दारूच नाही. दाबलेली हवा ४.५ मिमीचा छर्रा सेकंदाला १७०-१८० मीटरने ढकलते. आवाज काय, तर ‘टप्’.

आणि ‘टप्’ म्हणजे लुटुपुटूचा खेळ असं कोणी म्हणत असेल तर त्याला दहा मीटरवर उभं करा. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा असतो. ड्रॉइंगच्या तासाला जी पॉइंट फाइव्हची क्लच पेन्सिल आपण वापरतो, तिच्या शिशाएवढा! याच खेळात सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलला गेल्या आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ४०० केले. त्यांनी २००६ मध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला तो आपल्या पनवेलमध्येच, कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत. त्यांची शिष्या अवनी लेखरा हिने टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१ साली) सुवर्ण जिंकलं तेही एअर रायफलमध्ये. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला, तेही एअर रायफलवर. आणि कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, ती .२२. यापैकी कुणाला जाऊन सांगा बरं, की तुमची बंदूक फुग्यांची!

तरी .२२ वाल्यांनी कान उघडे ठेवू नयेत. आपल्या एन.सी.सी.च्या मुलामुलींना .२२ चं फायरिंग असतं. एका कॅम्पमध्ये आम्ही दहा-दहा जणी ओळीने पालथ्या पडून फायर करत होतो आणि कानात कापसाचे बोळे होते. कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. फोमचे इअरप्लग अगदी स्वस्त मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर वीस-एक डेसिबल सहज कमी होतात. बंद शेडमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे त्यावर इअरमफही हवेत. शेजारच्या लेनमधल्याच्या बारापासूनही कान वाचवायचे असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

(जाता जाता: दिवाळीच्या फटाक्यांना आपल्याकडे चार मीटरवर १४५ डेसिबल पीकपर्यंत परवानगी आहे. वर दिलेली रेषा आठवा आणि टेरेसवर हातात सुतळी बाँब घेऊन उभे राहणाऱ्यांचा विचार करा.)

तेव्हा जिमखान्याच्या सर-मॅडमना माझी विनंती अशी. जुना ड्रॉइंग हॉल दुपारनंतर रिकामाच असतो. एअर रायफलला दहा मीटर लांबी, मागे छर्रे अडवणारी भक्कम पेटी, दाराला आतून कडी आणि जाणकार कोच एवढं लागतं. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला शस्त्रपरवानाही लागत नाही. .२२ ला तो लागतो, त्यामुळे ती कॉलेजात आणायची गरज नाही, हौस असणाऱ्यांनी पुढे रीतसर क्लबमध्ये जावं. छर्रा कानाला मवाळ असला तरी डोळ्याला अजिबात नाही, म्हणून सेफ्टी गॉगल सक्तीचे करा. आणि रेंज होस्टेलला लागून असली तरी बिघडत नाही. रात्री अभ्यास करणाऱ्यांना मेसमधल्या ताटल्यांचा त्रास याहून जास्त होतो.

नावं द्यायची असतील तर लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय. मुलांनी रेक्टर सरांकडे द्यावीत.