भडकल गेट सिलॅबसबाहेर

एम.ए.च्या वर्गाला मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक साल लिहावं लागतं: १६४८. जर्मनीतल्या म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन गावांत तह झाले, तीस वर्षांचं युद्ध मिटलं आणि सार्वभौम राष्ट्रांची व्यवस्था जन्माला आली, असं सांगायचं. त्याला वेस्टफालियाचा तह म्हणायचं. कन्नड, सिल्लोड, वैजापूरहून सकाळची एसटी धरून आलेली मुलं ते निमूट उतरवून घेतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, त्यामुळे वाद कोण घालणार?

ज्या शहरात बसून ती हे लिहून घेतात, ते शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्या तहाच्या अडतीस वर्षं आधी, १६१० साली वसलं. वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला. येमेनमधलं मोखा बंदर, मग बगदाद, मग दख्खन, असा हातोहात फिरत निजामशाहीच्या पेशव्याकडे, चंगीझ खानाकडे पोचला. तो पेशवाही मूळचा हबशीच. मालक मेल्यावर अंबर मोकळा झाला. पुढं १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा याच माणसानं परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि त्याच्या नावानं १६२६ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मरेपर्यंत, मोगलांना झुंजवत ठेवलं.

ही इतिहासातली माहिती इथल्या बहुतेकांना थोडीफार असते. माझं म्हणणं असं आहे की ही आंतरराष्ट्रीय संबंधांचीही माहिती आहे, आणि आमच्या विषयात तिला अजून दार उघडलेलं नाही.

सत्तासमतोल शिकवायचा तर आम्ही बिस्मार्क काढतो, मेटर्निख काढतो. अंबरचं काय कमी आहे? विजापूरच्या आदिलशहाशी कधी दोस्ती, कधी लढाई. जहांगीर एकामागून एक सरदार आणि शहजादे दक्षिणेत पाठवतो आहे. त्यातला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, १६१७ आणि १६२१ अशा दोन मोहिमा घेऊन अंबरवर येतो. काही वर्षांत हाच खुर्रम बापाविरुद्ध बंड करतो, हरतो, आणि शेवटी कोणाच्या आसऱ्याला येतो? अंबरच्याच. मग दोघांच्या फौजा मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घालतात. त्याच सुमारास, १६२४ मध्ये, नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही एकत्र आले आणि अंबरनं दोघांनाही हरवलं. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूनं होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथंच पडले. काल शत्रू तो आज मित्र कसा होतो, हे याहून नेटकं कोणत्या उदाहरणातून शिकवणार?

आणि हे सगळं दख्खनपुरतंच मर्यादित होतं असंही नाही. इराणचा शाह अब्बास दख्खनी सुलतानांची बाजू जहांगीरकडे मांडत होता. वकील आणि नजराणे इकडून तिकडे जात होते. डचांच्या व्यापारी कंपनीचा पीटर व्हान डेन ब्रुका सुरतेकडच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्यावर आपली माणसं घेऊन जमिनीवरून मच्छलीपट्टणला निघाला आणि १६१७ मध्ये वाटेत अंबरच्या छावणीत येऊन त्याला भेटला. त्या भेटीचं वर्णन त्यानं लिहून ठेवलं आहे. ते डचमध्ये आहे, आणि ते मुळातून वाचणारा आमच्या विभागात आजवर कोणी झाला नाही.

आता एक चित्र. जहांगीरचा चितारी अबुल हसन यानं १६१६ च्या सुमारास ते काढलं. मध्ये भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं. जहांगीर त्याच्यावर बाण रोखून उभा आहे. उभा कशावर? पृथ्वीच्या गोलावर. तो गोल एका बैलावर आणि बैल माशावर. पृथ्वीचा असा गोल ही तेव्हा युरोपातून आलेली नवलाई. बैल आणि मासा मात्र आपल्याकडच्या नि इराणकडच्या जुन्या कल्पनेतले. सगळी दुनिया पायाखाली घेऊन बादशहा एका माणसाला मारतो आहे, ज्याला त्यानं प्रत्यक्षात कधीच मारलं नाही. या चित्रानंतर अंबर आणखी दहा वर्षं जगला आणि म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. मैदानात न मिळालेला विजय कागदावर मिळवायचा, हा सत्तेचा प्रचार आजच्या कुठल्याही देशाच्या प्रचारखात्याला ओळखीचा वाटेल. वर्गात हे चित्र दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. चित्र सध्या डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. आम्ही ते मोबाइलवर बघतो.

अंबरनं १६१२ साली मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा मात्र टाउन हॉलच्या बाजूला, आमच्या रोजच्या वाटेवर आहे. शेजारी बाबासाहेबांचा पुतळा. १४ एप्रिलला तिथं पाय ठेवायला जागा नसते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या गर्दीत असतात. दरवाजा कोणी बांधला, कोणाला हरवल्याबद्दल बांधला, हे विचारलं तर "मॅडम, औरंगजेबानं असेल" असं उत्तर येतं. खुलताबादला भद्रा मारुतीला जाणाऱ्या भाविकांपैकी, वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांपैकी कितीजण अंबरच्या कबरीकडे वळतात, ते तिथल्या रिक्षावाल्याला विचारून पाहा.

मुलांना दोष देऊन भागणार नाही. विषयाची घडणच तशी आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या अॅबरिस्टविथला निघालं, पहिल्या महायुद्धानंतर शांततेचा अभ्यास करायला, असं आम्ही मोठ्या कौतुकानं सांगतो. त्याच्या नऊ वर्षं आधी अमेरिकेत जे नियतकालिक निघालं त्याचं नाव होतं 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट', म्हणजे वंशविकासाची पत्रिका. गोऱ्यांनी इतर वंशांचं काय करायचं याची चर्चा त्यात चाले. १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' झालं आणि १९२२ मध्ये ते 'फॉरिन अफेअर्स'मध्ये विलीन झालं, जे नियतकालिक आमचे विद्यार्थी यूपीएससीसाठी आज मन लावून वाचतात. ही वंशावळ क्रमिक पुस्तकात नसते. सार्वभौम कोण आणि कोण नाही हे ठरवायची पट्टी युरोपची. त्या पट्टीत न बसणारे ते प्रदेश, जमाती, वसाहती. त्यांचा अभ्यास मानववंशशास्त्रानं किंवा इतिहासानं करायचा.

इंग्रजांनी संस्थानांना हीच पट्टी लावली. आमचा मराठवाडा ज्यात होता, ते निजामाचं हैदराबाद ना पुरतं राज्य, ना पुरती वसाहत. वर सार्वभौमत्व इंग्रज सरकारचं. गंमत अशी की हे हैदराबाद २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार घेऊन गेलं. १३ सप्टेंबरला भारताची पोलीस अॅक्शन सुरू झाली, १६ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली, १७ ला निजाम शरण आला. त्या गडबडीत निजामाचा परराष्ट्रमंत्री मोईन नवाज जंग यानं सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या खात्यात टाकले. हा पैसा कोणाचा, यावर भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस सत्तर वर्षं भांडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती; निकाल भारत आणि निजामाच्या नातवांच्या बाजूनं लागला. रझाकारांच्या गोष्टी, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, हे आमच्या घराघरांत आहे आणि असायलाच हवं. पण आमचा मुक्तिसंग्राम पॅरिसमधल्या एका टेबलावरही आला होता, यावर मराठवाड्यातून किती प्रबंध निघाले?

निघत का नाहीत, ते मी जवळून पाहिलं आहे. एका मुलीनं मलिक अंबरच्या परराज्यांशी असलेल्या संबंधांवर पीएच.डी.ची सिनॉप्सिस लिहिली. मुलगी हुशार, पेट पास झालेली. समितीपुढं गेली. "हा इतिहासाचा विषय आहे, तिकडं न्या," असं सांगण्यात आलं. इतिहासवाल्यांनी विचारलं, "यात राजनय, परराष्ट्र धोरण असे शब्द आहेत, तुमचं राज्यशास्त्र ना?" सहा महिने अशी टोलवाटोलवी झाल्यावर तिनं भारत-चीन सीमावाद घेतला. त्यावर इंग्रजी पुस्तकं ढिगानं आहेत, संदर्भ सहज मिळतात, आणि समितीला काही विचारायचं नसतं. अशा प्रबंधांत दिल्लीत लिहिलेलं वाचून आम्ही पुन्हा लिहितो, एवढंच. स्पष्ट बोलते, पण ते तसंच आहे.

अलीकडे यावर एक सोपा उतारा निघाला आहे. सेमिनारला 'वसाहतवादी चौकटीतून मुक्ती' असं शीर्षक द्यायचं, मॅकियाव्हेलीच्या जागी कौटिल्य लिहायचा, भारतीय ज्ञान प्रणालीचा एक परिच्छेद घालायचा. कौटिल्याच्या मंडल सिद्धांताचं वर्तुळ काढलं की झालं काम. त्याचं 'अर्थशास्त्र' मोठा ग्रंथ आहे, त्यावर माझा राग नाही. पण एका ग्रंथावर सगळं भागवणं म्हणजे पुन्हा एकच पट्टी, फक्त आपल्या रंगाची. अमिताव आचार्य आणि बॅरी ब्युझान यांनी २००७ मध्ये, पाश्चात्त्यांखेरीज इतरांचा आंतरराष्ट्रीय सिद्धांत का नाही, हा प्रश्न जाहीरपणे टाकला तेव्हापासून जगभर लोक आपापल्या गावचे कागद बाहेर काढायला लागले आहेत. आमच्याकडे कागद फारसी, मोडी, पोर्तुगीज, डचमध्ये, आणि आम्ही बोलतो श्लोकांवर.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. या शहरात मलिक अंबरचं नाव काढलं की समोरचा आधी तुम्ही कोणत्या बाजूचे ते ताडतो. शहराचं नाव आधी खडकी, मग अंबरचा मुलगा फतेहखान याच्या नावानं फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावांच्या भांडणात गाव इतकं रमलं की गावात नेमकं काय घडलं हा प्रश्न मागं पडला. मला अंबरला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. जो स्वतः विकला गेला, त्यानं पुढं हबशी गुलाम विकत घेऊन फौजेत भरले. तेही शिकवायचं. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार, इथिओपिया ते जंजिरा ते दौलताबाद, हाही आंतरराष्ट्रीय संबंधच आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या गावात आहे.

मागणी साधी आहे. राज्यशास्त्र आणि इतिहास अशा दोन विभागांचे दोन गाइड एका विद्यार्थ्याला चालावेत. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मोडी किंवा फारसी यांपैकी एक लिपी सक्तीची असावी. निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, तेव्हा त्यांना कोणी 'हा तुमचा विषय नाही' म्हणून थांबवलं नव्हतं. शहरात अजून फारसी वाचणारे काही बुजुर्ग मौलाना आहेत. त्यांना तासिका तत्त्वावर बोलावायला फार पैसे लागत नाहीत, फक्त नेट-सेटची अट शिथिल करावी लागते. पहिल्या सत्रात भातवडी ते लंडन असा एक पेपर ठेवावा, आणि वेस्टफालिया त्यातच दुसऱ्या घटकात घ्यावा. अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत मी हा प्रस्ताव मांडणार आहे. प्रस्तावाच्या फॉर्मवर विद्याशाखेचा रकाना एकच आहे. मी त्यात दोन्ही विभागांची नावं लिहिली आहेत.