एसटीने फिरणारे आमदार : सांगोल्याचे आबासाहेब



आमदार म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गाड्यांचा ताफा, मोठाले फलक, मागेपुढे कार्यकर्ते. पण सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने तब्बल ११ वेळा ज्यांना आमदार केलं, ते गणपतराव देशमुख एसटीने प्रवास करायचे. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत.

त्यांचं मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. वकिली शिकलेल्या आबासाहेबांनी शेतकरी कामगार पक्षाचा लाल झेंडा हाती घेतला तो कायमचा. पक्ष लहान होत गेला, अनेक जण सोडून गेले, आबासाहेब हलले नाहीत.

१९६२ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या कुंभकोणमजवळच्या तंजावरमधून एम. करुणानिधी विधानसभेत गेले. करुणानिधी एकूण १३ वेळा जिंकले, कधीच हरले नाहीत. आबासाहेब मात्र दोनदा हरले. १९७२ मध्ये हरले, तर १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी हरले. वय सत्तरीकडे झुकलेलं. दुसरा कोणी घरी बसला असता. ते लोकांमध्येच राहिले आणि १९९९ मध्ये पुन्हा जिंकले!

ते १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्री झाले, पण बहुतेक काळ विरोधी बाकांवरच होते. तिथूनही कामं झाली. सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. हाताला काम मिळावं म्हणून सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडींसोबत आबासाहेबही त्या लढ्यात होते. हे काम एका निवडणुकीत संपणारं नव्हतं. त्याला वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

२०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्याचे आमदार झाले.

साधेपणाचं कौतुक आपण पटकन करतो. पण लोकांनी आबासाहेबांना फक्त एसटीसाठी मत दिलं नसेल. आपला माणूस उद्याही इथेच भेटेल, हा भरवसा त्यांना होता. तुमच्या आमदारांबद्दल तुम्हाला असा भरवसा वाटतो का? आज जेवताना घरात हा विषय नक्की काढा!