अमेरिकेला हरवूनही ऑलिंपिकबाहेर!

मनिला येथे ३ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकरंडक बास्केटबॉल स्पर्धेत लिथुआनियाच्या पुरुष संघाने अमेरिकेवर ११०-१०४ अशी मात केली. तीन गुणांच्या रेषेबाहेरून केलेले पहिले नऊच्या नऊ प्रयत्न या संघाने यशस्वी ठरविले आणि एनबीएतील खेळाडूंनी सजलेला अमेरिकी संघ शेवटपर्यंत मागेच राहिला. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. पॅरिसला गेलेला अमेरिकी संघ अधिक बलाढ्य होता, हे खरे. परंतु लिथुआनियाला त्याच्याशी दोन हात करण्याची संधीच नव्हती. कारण हा संघ ऑलिंपिकसाठी पात्रच ठरला नव्हता.

हे घडले कसे? ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी अवघ्या १२ संघांना प्रवेश असतो. पॅरिसच्या वेळी यजमान फ्रान्सला थेट स्थान होते आणि सात जागा विश्वकरंडकातील कामगिरीवर, परंतु खंडनिहाय वाटून दिलेल्या होत्या. युरोपच्या वाट्याला त्यांतील दोनच आल्या. त्या विश्वविजेत्या जर्मनीने आणि उपविजेत्या सर्बियाने पटकावल्या. स्पर्धेत सहावा आलेला लिथुआनिया बाहेर राहिला. सतराव्या क्रमांकावरील दक्षिण सुदान आणि एकोणिसाव्या क्रमांकावरील जपान मात्र आपापल्या खंडांतील सर्वोत्तम संघ म्हणून थेट पात्र ठरले. उरलेल्या चार जागांसाठी पात्रता स्पर्धा झाल्या. जुलै २०२४ मध्ये सान हुआन येथील अंतिम सामन्यात प्युर्टो रिकोने ७९-६८ असा विजय मिळविला आणि लिथुआनियाची उरलीसुरली आशाही संपली.

दुसऱ्या एखाद्या देशात अशी बातमी क्रीडा पानावर चार दिवस गाजून विस्मृतीत गेली असती. लिथुआनियात तसे होणे शक्य नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाची लोकसंख्या आज २९ लाखांच्या घरात आहे. म्हणजे २०११ च्या जनगणनेतील पुणे शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. या एवढ्याशा देशाने जगाला आपली ओळख ज्या मोजक्या गोष्टींतून करून दिली, त्यांत बास्केटबॉलचे स्थान अग्रभागी आहे. या संघाचा इतिहास पाहिल्याशिवाय ऑलिंपिकबाहेर राहण्याचे दुःख समजणार नाही.

पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाने १९३७ मध्ये शेजारच्या लाटव्हियाची राजधानी रिगा येथे युरोपीय अजिंक्यपद पटकावले. अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध निकाल होता २४-२३. अमेरिकेत जन्मलेले, लिथुआनियन वंशाचे प्रानास लुबिनास हे या काळातील लिथुआनियन बास्केटबॉलचे आधारस्तंभ होते. आदल्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळविले होते. विजेता म्हणून १९३९ चे यजमानपद लिथुआनियाकडे आले. त्यासाठी कौनास शहरात खास क्रीडागृह उभारण्यात आले. तेथे लाटव्हियाला ३७-३६ असे हरवून यजमानांनी विजेतेपद राखले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सोव्हिएत संघराज्याने हा देश गिळंकृत केला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नोंदी चाळल्या तर १९३९ नंतर लिथुआनियाचे नाव थेट १९९२ मध्ये दिसते. मधली पाच दशके कोरी आहेत. वस्तुस्थिती मात्र तशी नव्हती. म्युनिच ऑलिंपिकमध्ये १९७२ साली अमेरिकेला अखेरच्या क्षणी ५१-५० असे नमविणाऱ्या सोव्हिएत संघाचे कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास हे लिथुआनियन होते. सोल ऑलिंपिकमध्ये १९८८ साली सोव्हिएत संघाने उपांत्य फेरीत अमेरिकेला ८२-७६ असे, तर अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाला ७६-६३ असे हरविले. या सुवर्णविजेत्या संघाचा कणा होता आर्विदास साबोनिस, शारुनास मार्चुलियोनिस, रिमास कुर्तिनायटिस आणि वाल्देमारास खोमिचियस या चार लिथुआनियन खेळाडूंचा. पदक त्यांच्या गळ्यात पडले. राष्ट्रगीत मात्र मॉस्कोचे वाजले.

स्वतःचा झेंडा मिरविण्याची मुभा नव्हती, तेव्हा लिथुआनियन प्रेक्षकांनी आपली निष्ठा क्लबच्या रूपाने जपली. कौनासच्या झालगिरिस संघाने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत अजिंक्यपद जिंकले. या लढतींत समोर असे तो मॉस्कोचा लष्करी क्लब. उघडपणे जे बोलता येत नव्हते, ते प्रेक्षागृहातील जल्लोषातून व्यक्त होत होते. मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्याची घोषणा केली. त्यानंतर जानेवारी १९९१ मध्ये राजधानी व्हिल्नियस येथे सोव्हिएत रणगाडे निःशस्त्र नागरिकांवर चालून गेले आणि त्यात चौदा जणांचा बळी गेला. सप्टेंबर १९९१ मध्ये मॉस्कोने अखेर हे स्वातंत्र्य मान्य केले.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच बार्सिलोना ऑलिंपिक आले. नव्या देशाकडे खेळाडू होते, पैसा नव्हता. तेव्हा अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ हा संगीतवृंद मदतीला धावला आणि पिवळ्या, हिरव्या, तांबड्या रंगांचे त्याचे भडक टी-शर्ट जगभर गाजले. उपांत्य फेरीत जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, बर्ड यांच्या अमेरिकी ‘ड्रीम टीम’ने लिथुआनियाचा १२७-७६ असा फडशा पाडला. कांस्यपदकासाठी गाठ पडली ती माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाशी. सोलमध्ये साबोनिस यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले अलेक्झांडर व्होल्कोव्ह आता प्रतिस्पर्धी संघात होते. लिथुआनियाने ८२-७८ असा विजय मिळविला. भारतीय हॉकी संघाने १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरविले, तेव्हा देशाला काय वाटले असेल, याची कल्पना ज्यांना करता येते त्यांना या कांस्यपदकाचे मोल वेगळे सांगायला नको. साबोनिस आणि मार्चुलियोनिस यांच्याकडे सोलचे सुवर्ण होतेच. परंतु स्वतःच्या झेंड्याखाली मिळालेले हे पहिलेच पदक होते.

पुढची वाटचाल थक्क करणारी आहे. अटलांटा आणि सिडनी येथे पुन्हा कांस्यपदक मिळाले. सिडनीच्या उपांत्य फेरीत अमेरिका ८५-८३ अशी जेमतेम वाचली. शारुनास यासिकेव्हिचियस यांचा अखेरचा फटका आत गेला असता, तर इतिहास बदलला असता. सन २००३ मध्ये स्पेनला ९३-८४ असे हरवून लिथुआनिया ६४ वर्षांनी पुन्हा युरोपचा विजेता ठरला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाचही ऑलिंपिकमध्ये या संघाने उपांत्य फेरी गाठली. सन २०१० मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, तर २०१३ आणि २०१५ मध्ये युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. त्यानंतर मात्र मोठ्या स्पर्धेतील पदक हाती लागलेले नाही. टोकियो ऑलिंपिकची पात्रता फेरी २०२१ मध्ये खुद्द कौनासमध्ये झाली. तेथे लुका डोन्चिचच्या स्लोव्हेनियाने ९६-८५ असा विजय मिळविला आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच लिथुआनिया ऑलिंपिकला मुकला.

तेव्हा सारा दोष नियमांवर ढकलून चालणार नाही. टोकियोची संधी घरच्या मैदानावर, तर पॅरिसची सान हुआनमध्ये गेली. नियमांनी दार अरुंद केले, हे खरे. पण दोन्ही वेळा उंबरठ्यापर्यंत पोचून संघ मागे फिरला, हेही तितकेच खरे. यामागे खोल कारणे आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी ३७ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या स्थलांतर आणि घटता जन्मदर यांमुळे सुमारे आठ लाखांनी रोडावली आहे. म्हणजे ज्या विहिरीतून खेळाडू निघायचे, तिचेच पाणी उतरत आहे. दुसरे असे, की २०१७ पासून विश्वकरंडकाचे पात्रता सामने ऐन क्लब हंगामातील ठराविक खिडक्यांत होतात आणि एनबीएतील खेळाडू त्या काळात मोकळे नसतात. त्याचा फटका साऱ्यांनाच बसतो. पण मोठ्या देशाकडे दुसरी फळी असते, छोट्या देशाला ती उभी करणे अवघड जाते.

मग जागांचे खंडनिहाय वाटप अन्यायाचे मानायचे का? निव्वळ गुणवत्तेच्या तराजूत तोलले, तर उत्तर होकारार्थी येईल. पण त्याच पॅरिस ऑलिंपिकमधील एक प्रसंग विचार करायला लावणारा आहे. सन २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वी चुकून सुदानचे, म्हणजे ज्या देशापासून ते वेगळे झाले त्याचेच, राष्ट्रगीत वाजविले गेले. खेळाडूंनी ते सोसले आणि मैदानात प्युर्टो रिकोला ९०-७९ असे हरवून उत्तर दिले. हा तोच प्युर्टो रिको, ज्याने लिथुआनियाची वाट रोखली होती. दुसऱ्याच्या राष्ट्रगीताखाली उभे राहणे म्हणजे काय, हे लिथुआनियाइतके कोणाला ठाऊक असणार? बार्सिलोनात जो आनंद त्या देशाने अनुभवला, तोच दक्षिण सुदानच्या वाट्याला यावा, यासाठी खंडनिहाय जागांची तरतूद हवी. प्रश्न आहे तो अवघ्या १२ संघांच्या मर्यादेचा. विश्वकरंडकात ३२ संघ खेळतात. ऑलिंपिकचे दार थोडे रुंद केले, तर एकाला न्याय देण्यासाठी दुसऱ्याला बाहेर ठेवावे लागणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय स्पर्धेची बाद फेरी रिगा येथे झाली. ८८ वर्षांपूर्वी ज्या शहरात पहिले विजेतेपद मिळाले, तेथेच लिथुआनियाने यजमान लाटव्हियाला ८८-७९ असे हरविले आणि उपांत्यपूर्व फेरीत ग्रीसकडून ७६-८७ अशी हार पत्करली. आठ संघांत स्थान, पण पदक नाही. इतर कोणत्याही तीस लाखांच्या देशाने याचा उत्सव केला असता; लिथुआनियात मात्र हे अपयश मानले जाते. स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून आता तेथे कोणाला पदकाची गरज उरलेली नाही. तरीही अपेक्षांचे ओझे तसूभरही कमी झालेले नाही. हे ओझे वाहणाऱ्या पुढच्या पिढीची कसोटी ऑलिंपिकच्या दाराशी पुन्हा लागणार आहे, आणि तेव्हा केवळ इतिहासाच्या पुण्याईवर ते दार उघडणार नाही.