शेवटच्या बांधीपर्यंत

भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांनी आणि गावोगावच्या बोड्यांनी येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या जगवली. तलाव किती मोठा आणि त्याची पाळ किती उंच, यावर गावकरी तलावाचे मोल ठरवत नाहीत. रोवणीच्या वेळी पाटाच्या टोकाला असलेल्या शेवटच्या बांधीत पाणी पोचले की नाही, हीच त्याची खरी कसोटी. शिक्षणासाठी शासन आणि समाज जे धन बाजूला काढतात, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. दरवर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्हांनी सभागृहे गजबजतात. १९६२ पासून चालत आलेली ही प्रथा स्तुत्यच आहे. परंतु टाळ्यांचा गजर ओसरल्यावर तुमसरच्या डोंगरपट्ट्यातील एकशिक्षकी शाळेपर्यंत, किंवा गोसीखुर्दच्या पाण्याखाली गाव गेल्यावर नव्या वसाहतीत उभ्या राहिलेल्या शाळेपर्यंत, या सन्मानाचे आणि निधीचे किती थेंब पोचतात, याचा विचार क्वचितच होतो.

तलाव कोरडा आहे, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत आठवीच्या परीक्षेतून निवडलेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला या योजनेच्या ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा असावा, एवढ्याच मुख्य अटी आहेत. या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही कोट्याबाहेर राहिलेल्या मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तीत वर्षाला ९,६०० रुपये, म्हणजे चार वर्षांत ३८,४०० रुपये मिळतात. कुणबी समाजाची मोठी वस्ती असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या योजनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. नवी कल्पना मांडणाऱ्या मुलाला १०,००० रुपये देणारी ‘इन्स्पायर’ योजना आहे. सात तालुक्यांच्या या लहानशा जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेची दहा मुले राष्ट्रीय शिष्यवृत्तीस पात्र ठरली, तर चार वर्षांत त्या गावातील घरांत ४ लाख ८० हजार रुपये येतील. एवढ्या रकमेसाठी कोणत्याही गावाला मंत्रालयात खेटे घालावे लागले असते. येथे मात्र ती एका परीक्षेच्या आणि काही कागदपत्रांच्या अंतरावर उभी आहे.

मग पाणी अडते कोठे? या परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते, आणि नेमका तोच धान कापणीचा काळ असतो. घरातील कर्ती माणसे पहाटेपासून बांधीत असतात. अशा वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी एक फेरी मारायची म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. दाखला मिळाला, तरी शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातील नाव, आधार कार्डावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला की रक्कम अडकते. त्याहून मोठी गळती पुढे आहे. ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे आपोआप चालू राहत नाही, दरवर्षी तिचे ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते. दहावीनंतर मुलगी गावची शाळा सोडून साकोलीच्या किंवा पवनीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाते. जुनी शाळा तिला विसरलेली असते आणि नव्या महाविद्यालयाला ती शिष्यवृत्तीधारक असल्याची वार्ता नसते. गुणवत्तेने मिळवलेला हक्क अशा प्रकारे कोणाच्याही दुष्टाव्याशिवाय, केवळ दोन संस्थांच्या मधल्या मोकळ्या जागेत गळून पडतो. हौसेने एखाद्या पालकाने मुलाला विनाअनुदानित शाळेत घातले, तर पात्रताच संपते. हे त्या पालकाला आधी सांगणारे कोणी नसते.

केवळ स्पर्धेवर आधारलेली शिष्यवृत्ती समाजाच्या तळापर्यंत पोचत नाही, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात स्पष्टपणे मांडले होते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार त्यामुळे होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सुमारे दीडशे वर्षांनंतरही हा इशारा जुना झालेला नाही. स्पर्धा नको, असा त्याचा अर्थ नव्हे. स्पर्धेच्या मैदानापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. ज्या घरात वडील स्वतः अर्ज भरू शकतात, तेथील मुलाला योजना सापडते. ज्या घरात अर्ज वाचणाराच नाही, तेथे योजना असून नसल्यासारखी होते.

धोरणातील एका लहानशा बदलाचाही केवढा परिणाम होतो, याचे उदाहरण राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेनेच दिले. चौथी आणि सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. वर्गरचनेच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध होते. परंतु जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. ज्या परीक्षेच्या निमित्ताने खेड्यातील गुरुजी सकाळी लवकर येऊन जादा वर्ग घेत, ती परीक्षाच त्यांच्या शाळेबाहेर गेली. मुलाची तयारी करून घ्यायची आणि त्याच्या यशाचा आनंद मात्र दुसऱ्या शाळेने घ्यायचा, अशी स्थिती झाली. अखेर २०२५ मध्ये शासनाला परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. खेड्यातील शिक्षकाचा उत्साह हेसुद्धा एक राष्ट्रीय धन आहे आणि निर्णय घेताना त्याचाही हिशेब ठेवावा लागतो, हा यातील धडा आहे.

शाळांना मिळणाऱ्या अनुदानाची कथा निराळी नाही. शाळांना शासनाने साहाय्यक अनुदान द्यावे, ही पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून या देशात रुजली. आज समग्र शिक्षा अभियानाच्या चौकटीत संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,००० आणि त्यापुढे ७५,००० ते १ लाख रुपये, असे हे प्रमाण आहे. त्यातील दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे असतात. पट कमी म्हणून खर्च कमी, हे गणित कागदावर सुटते. पण कौलांतून गळणारे पाणी खाली किती मुले बसली आहेत ते मोजून गळत नाही. अठ्ठावीस मुलांच्या शाळेलाही वीज लागते, पाण्याची टाकी लागते, फळा आणि नकाशे लागतात. दुसरीकडे ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातील पहिल्या शाळेला ५१ लाख रुपयांचे बक्षीस ठेवण्यात आले. या अभियानाने अनेक गावांना शाळेकडे पुन्हा वळून पाहावयास लावले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि, ज्या शाळेकडे आधीच सुसज्ज इमारत, दानशूर माजी विद्यार्थी आणि पुरेसे शिक्षक आहेत, ती अशा स्पर्धेत पुढे असणार, हे उघड आहे. बक्षीस हे यशाच्या पाठीवरची थाप असते. अनुदान हा गरजेला दिलेला आधार असतो. एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये.

आणखी एका आकड्याकडे पाहणे बोचरे वाटेल, पण आवश्यक आहे. १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. मुलगी शाळेत आली की तिच्या नावे एक रुपया, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. वर्षाकाठी दोन-सव्वादोनशे रुपये हाती देऊन कन्याशिक्षणाचा गौरव केल्याचे समाधान ज्यांना वाटते, त्यांनी शेतमजूर स्त्रीच्या रोवणीच्या एका दिवसाच्या मजुरीशी त्याची तुलना करून पाहावी.

आता पुरस्कारांकडे वळले पाहिजे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाले. पूर्वी त्यांची संख्या तीनशेहून अधिक असे. २०१८ मध्ये ती पन्नासच्या आसपास आणली गेली आणि शिक्षकाने स्वतःच संकेतस्थळावर अर्ज करावा, अशी पद्धत आली. ५०,००० रुपये, रौप्यपदक आणि राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, असे त्याचे स्वरूप आहे. राज्य स्तरावर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने शिक्षक गुणगौरव पुरस्कार दिला जातो आणि जिल्हा परिषदाही आपले आदर्श शिक्षक निवडतात. स्वतः अर्ज करण्याच्या पद्धतीमुळे शिफारस करणाऱ्यांची मर्जी सांभाळण्याची गरज कमी झाली, हा तिचा गुण निर्विवाद आहे. पण प्रत्येक औषधाचा एक दुष्परिणाम असतो. जो शिक्षक आपल्या कामाची छायाचित्रे, कात्रणे आणि प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे जपून ठेवतो, त्याचा प्रस्ताव जाडजूड होतो. जो पाचवीत आलेल्या आणि अक्षरओळखही नसलेल्या मुलाला रोज मधल्या सुटीत जवळ बसवून वाचायला शिकवतो, त्याच्या कामाचे छायाचित्र काढणारे कोणी नसते. अर्ज करणे त्याला स्वतःची टिमकी वाजवल्यासारखे वाटते. शिवाय नावनोंदणीचे शुल्क घेऊन ‘आदर्श’ ठरवणाऱ्या पुरस्कारांचे पीक अलीकडे फोफावले आहे. शिक्षकाने असा पुरस्कार विकत घेणे म्हणजे विद्यार्थ्यांसमोर नक्कल करून उत्तीर्ण होण्याचाच धडा गिरवणे होय.

याच क्षेत्रात एक उजळ उदाहरणही आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांना वाटून देण्याची घोषणा केली. पुरस्कार एकट्याचा नसतो, तो एका परंपरेचा असतो, ही जाणीव त्या कृतीत होती. विद्यादान हे दान आहे आणि त्याचे फळ वाटून घ्यायचे असते, हा संस्कार या मातीत अजून जिवंत आहे, याचा तो पुरावा होता.

विद्येसाठी काढलेले धन योग्य ठिकाणी जावे, यासाठी समाजाने बोलावे लागते, हेही महाराष्ट्राने पूर्वी दाखवून दिले आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा हे विद्येच्या सन्मानाचे मोठे साधन होते. इंग्रजी अंमलात तो निधी पुढे चालू राहिला, तेव्हा १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी, त्यातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, अशी मागणी केली. विरोध झाला, वादंग माजले, पण त्यातून मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी व्यवस्था उभी राहिली. निधी तोच होता. त्याचा पाट समाजाने वळवला.

भंडाऱ्यात आज नेमके हेच करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी नव्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत काम केलेले गृहस्थ आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत. एका केंद्रातील शाळांसाठी अशा चार जणांनी जुलैमध्येच सातवी उत्तीर्ण मुलांची यादी करावी, नावांतील फरक दुरुस्त करून घ्यावेत आणि कापणीपूर्वीच उत्पन्नाचे दाखले काढून द्यावेत. दहावीनंतर गाव सोडणाऱ्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारक मुलाची माहिती एका पत्राने नव्या महाविद्यालयाला कळवावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवून दिले आहे. त्या समितीच्या बैठकीत शाळेला आलेल्या अनुदानाचा हिशेब मोठ्याने वाचला जावा. जिल्हा पुरस्कारासाठी अर्जांबरोबरच निवड समितीने न कळवता शाळांना भेटी द्याव्यात आणि वर्गातील सर्वांत मागे असलेले मूल वर्षभरात कोठपर्यंत आले, हे पाहावे. पहिल्या क्रमांकाच्या मुलावरून शिक्षक ओळखता येत नाही, शेवटच्या बाकावरील मुलावरून मात्र नक्की ओळखता येतो.

शासनाने उपस्थिती भत्त्याची पुनर्रचना करावी, लहान शाळांच्या अनुदानाला किमान गरजेचा आधार द्यावा, नूतनीकरणाची जबाबदारी विद्यार्थ्यावर न टाकता संस्थांवर टाकावी, ही मागणी रास्तच आहे. पण तलाव खोदणारा कोणीही असो, पाटातील गवत काढण्याचे काम गावालाच करावे लागते. झाडीपट्टीतील शेतकरी हे जाणतो. वरच्या बांधीची तहान भागल्यावर तो स्वतःहून फुटी करून पाणी खाली सोडतो, कारण खालची बांधी वाळली तर ती आपल्याच गावाची वाळते, हे त्याला कळते. शिक्षकदिनाच्या समारंभातील हार वाळण्यापूर्वी एवढे शहाणपण शाळेच्या अंगणात आले, तर वैनगंगेच्या काठावरील एखाद्या मजुराची मुलगी पैशाअभावी नववीतच पुस्तके बांधून ठेवणार नाही. त्या दिवशी गुरुजींच्या खांद्यावरील शालीला खरी ऊब येईल.